शनिवारचं शून्य

पवनी,
६ जुलै २०१९

प्रिय रश्मीताई,
सप्रेम जयभीम.

तू म्हणालीस, हे फोनवर नको आणि व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नको, म्हणून कागद घेऊन बसले आहे. मागचं पत्र मी तुला चिखल्याच्या माइन्स कॉलनीतून लिहिलं होतं, बारावी पास झाल्याचं. तू नागपूरच्या होस्टेलमधून त्याच पत्रात लाल पेनानं चुका काढून ते परत पाठवलं होतंस! या वेळी लाल पेन जरा दूर ठेव.

आधी घरचं. बाबा अजून माझ्याकडेच आहेत. खोकला आहे, पण गोळ्या घेतात. दिवसभर केंद्राच्या दारात खुर्ची टाकून बसतात, त्यामुळे नव्या मुलांच्या आया त्यांना चौकीदार समजून चपला सांभाळायला सांगतात. बाबा सांभाळतातही. सध्या धानाच्या रोवणीचे दिवस आहेत, बायका शेतातल्या बांधीत गेल्या की मुलांना आणायला कोणी नसतं. बारापैकी सातआठच येतात. गुलाब आता स्वतःच्या हातानं भात खाते, अर्धा ताटाबाहेर सांडते, पण खाते. तिची आई ते पाहून रडली आणि तिला रडताना पाहून मीही.

आता मुद्द्याचं. मंगळवारी जिल्ह्याहून चौकशीला दोघं आले, एक साहेब आणि एक मॅडम. निनावी तक्रार आली होती म्हणे. साहेबांनी विचारलं, इथं नेमकं काय चालतं? मी सांगितलं, स्वमग्न मुलं येतात, आम्ही वर्तन-उपचार करतो. मोठं काम लहान लहान तुकड्यांत शिकवायचं, जमलं की लगेच शाबासकी द्यायची, नको असलेलं वागणं रोज मोजायचं आणि त्याचा आलेख काढायचा. ते म्हणाले, "म्हणजे शिकवणी का? याचं लायसन्स कोण देते?"

मी म्हटलं, या कामाचा असा वेगळा परवाना आपल्याकडे नाही. पुनर्वसन परिषद विशेष शिक्षकांची नोंदणी करते, माझी मामेबहीण नोंदणीकृत आहे, मी तिच्या हाताखाली काम करते. आणि भिंतीवर तुझ्या नोंदणीचं प्रमाणपत्र लावलं आहे, त्या फ्रेमकडे बोट दाखवलं. मॅडमनी नंबर उतरवून घेतला.

"मग त्या येतात कधी?" मॅडमनी विचारलं.

"दर महिन्याला. दुसऱ्या शनिवारी."

ताई, हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. तू पुण्याहून उद्घाटनाला आलीस तेवढीच. वरठीच्या स्टेशनवर मी तुला घ्यायला आले होते, बाळ तुझ्या कडेवर होतं आणि तू गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणालीस, "फ्रेम आणली आहे, काच सांभाळ." "तुझा डिप्लोमा होईपर्यंत माझा नंबर वापर," असं तूच मला म्हणाली होतीस. मेडिकलच्या दुकानांत नाही का, भिंतीवर एकाचं सर्टिफिकेट आणि काउंटरवर दुसराच. सगळीकडे चालतं, आपलंही चाललं.

त्यांनी लेखी खुलासा मागितला आहे, महिनाअखेरपर्यंत. एक छापील फॉर्म दिला आहे. त्यात काय लिहू, हे तू सांग.

तक्रार कोणी केली, हे तू तीनदा विचारलंस. पत्र मला लांबूनच दाखवलं. सही नव्हती. पाकिटावर शिक्का वरठीचा होता म्हणे. वरठीत आपल्या वाईटावर असणारं कोण? तुझं माहेर सोडून तिथं मी कोणाला ओळखत नाही. घरमालक डोमाजींना खोली हवी आहे हे खरं, पण त्यांचा राग तोंडावरच असतो, तो टपालानं येत नाही.

तू म्हणालीस, त्या विणकराच्या घरचे असतील, रेणूचे. नाही, ते नाहीत. तिच्या आजीला, राधाबाईला, लिहिता येत नाही आणि राधाबाईचा मुलगा संजीव असल्या भानगडीत पडणारा नाही. ते नाहीत, एवढं मी खात्रीनं सांगते. रेणू सध्या येत नाही. तिच्या कानाचं काहीतरी झालं होतं, भंडाऱ्याला दाखवलं त्यांनी. असो.

मामा-मामींशी बोलणं झालं की माझा जयभीम सांग. बाळाच्या दातांचं काय झालं ते कळव.

तुझीच,
रत्ना

पवनी,
२४ जुलै २०१९

प्रिय रश्मीताई,
जयभीम.

तुझं पाकीट मिळालं. भेटींचे अठरा कागद, गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून यंदाच्या जूनपर्यंत, प्रत्येक दुसऱ्या शनिवारचा एक. सगळे एकाच निळ्या पेनानं लिहिलेले आणि खाली तुझी झोकदार सही. तू शाळेतही दोन महिन्यांची शुद्धलेखनाची वही एका बैठकीत लिहून काढायचीस.

पण एक तारीख तू तपासली नाहीस. १४ एप्रिल २०१८. दुसरा शनिवार खराच, पण ताई, चौदा एप्रिल! त्या दिवशी तू पुण्याच्या मिरवणुकीत निळी साडी नेसून उभी होतीस, फोटो तूच पाठवला होतास. आणि इकडे आमच्या केंद्राला कुलूप होतं, मी बाबांना घेऊन चिखल्याला गेले होते. आपल्या घरातली माणसं त्या तारखेला "मार्गदर्शन भेट, चार तास" लिहितात! हसूच आलं आधी. मग पुढचे कागद पाहत गेले आणि एका कागदावर हसू थांबलं.

९ फेब्रुवारी २०१९. तू लिहिलं आहेस: "रेणूच्या स्वतःला मारण्याच्या वर्तनात समाधानकारक घट. योजना योग्य आहे. पुढे चालू ठेवावी."

तू हे मनानं नाही रचलंस. त्या दिवशी मी तुला आलेख पाठवला होता आणि तू टाळ्या वाजवणारे तीन हात पाठवले होतेस. तो आलेख कशाचा होता, हे मी तुला कधी सांगितलं नाही. मागच्या पत्रात "असो" लिहून पुढे गेले. आज सांगते.

रेणू सहा वर्षांची आहे. बोलत नाही. आम्ही तिला चित्रांची कार्डं शिकवली होती: पाणी, झोका, खाऊ, शू, घर. जे हवं त्याचं कार्ड ती माझ्या हातात द्यायची. राधाबाई, तिची आजी, तिला रोज घेऊन यायची आणि कोपऱ्यात बसून राहायची. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी रेणू उजव्या हातानं स्वतःच्या कानफडात मारायला लागली. मारायची आणि किंचाळायची. मी मोजलं, एकेचाळीस वेळा.

माझं निदान तयारच होतं. डिसेंबरमध्ये तिला भाऊ झाला, घरातलं सगळं लक्ष त्याच्याकडे गेलं. आणि रेणूनं कानाला हात लावला की राधाबाई तिला मांडीवर घ्यायची, गूळ-शेंगदाणे द्यायची. म्हणजे मुलगी लक्ष वेधण्यासाठी मारून घेते आणि तिला त्याचं बक्षीस मिळतं. माझ्या चाळीस तासांच्या ऑनलाइन कोर्समध्ये अगदी असंच उदाहरण होतं. उपायही होता: लक्ष द्यायचं नाही. कोणी बघायचं नाही, जवळ घ्यायचं नाही. वागणं आपोआप विझतं.

त्याच कोर्समध्ये त्याच्या आधीची एक पायरी होती. वागणं अचानक सुरू झालं असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, दात, कान, पोट बघून घ्या. मी ती वाचली होती. परीक्षेत तो प्रश्न बरोबरही सोडवला होता. पण त्या आठवड्यात मला ती आठवली नाही आणि "डॉक्टरला दाखवलं का?" असं विचारणारं माझ्या डोक्यावर कोणी नव्हतं. माझ्या कोर्सच्या सर्टिफिकेटवर खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे, की या व्यक्तीनं पर्यवेक्षणाखालीच काम करावं. म्हणून तर ते कपाटात होतं आणि भिंतीवर तुझं.

मंगळवारी राधाबाई मला म्हणाली, "बाई, हे रडनं वेगळं हाये वं. रोजच्यावानी नाही. कान दुखून राहिला असन तिचा. तेलाचा बोळा ठेवू का?"

मी म्हटलं, "आजी, तुमच्यामुळेच वाढतंय हे. तुम्ही तिच्याकडे बघूच नका."

ती भिंतीकडे तोंड करून बसली. नातीचं रडणं ऐकत, पाठ फिरवून. आणि मी, शहाणी, मनातल्या मनात तिला शाबासकी देत होते.

बुधवारी तेहतीस. गुरुवारी एकोणीस. गुरुवारी रेणूनं मला सहा वेळा घराचं कार्ड आणून दिलं. काम पुरं झाल्याशिवाय घर नाही, असा नियम होता, म्हणून मी ते सहाही वेळा जागेवर ठेवलं. दुखण्याचं कार्ड मी तिच्यासाठी केलंच नव्हतं. ते केलं असतं तर तिनं ते दिलं असतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. जे होतं त्यातलं तिला जवळचं वाटलं ते तिनं दिलं.

शुक्रवारी पाच. शनिवारी शून्य.

ताई, मी पेढे आणले होते. आयांना वाटले, बाबांना दिला, राधाबाईच्या तोंडात स्वतःच्या हातानं घातला. आलेखाची रेघ जमिनीला टेकली होती. मी फोटो काढला आणि तुला पाठवला.

रविवारी सकाळी राधाबाईला रेणूच्या उशीवर पू दिसला. भंडाऱ्याच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटला. आत पू साठून दाब आला की जीव घेणारं दुखतं. पडदा फाटला की दाब जातो आणि दुखणं थांबतं. माझं शून्य ते होतं.

यानंतर जे झालं ते सांगायला मला साडेपाच महिने लागले.

सोमवारी राधाबाई एकटीच आली. दारातच हात जोडून म्हणाली, "तुमची काही चूक नाही बाई. आमीच डाक्टरकडे न्याले उशीर केला."

आणि मी म्हटलं, "हो आजी. लवकर दाखवायला हवं होतं तुम्ही."

असं म्हणाले मी. शांतपणे, समजुतीच्या सुरात, तुझ्या फ्रेमखाली उभी राहून. ती मान डोलावून गेली. पुढे गावातून कानावर येत राहिलं: रेणूचा कान वाहायचा थांबत नाही, त्या कानानं कमी ऐकू येतं, नागपूरला ऑपरेशन सांगितलं आहे. आणि संजीव आईशी बोलत नाही. "तू दिवसभर तिच्यापाशी बसत होती, तुले एवढं समजलं नाही?" असं तो तिला सगळ्यांसमोर म्हणाला. धाकटं बाळही तिच्याकडे देत नाहीत.

मला रोज वाटायचं, आज जाऊन सांगते. आणि रोज मी केंद्र उघडायची.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तक्रार मी केली, ताई. मे महिन्यात मामांना बघायला वरठीला गेले होते ना, तेव्हा स्टेशनाबाहेरच्या पेटीत टाकली. राधाबाईच्या तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून वाटलं, कोणीतरी वरून येईल, मला उभी करून रेणूबद्दल विचारेल आणि मग मला बोलावंच लागेल. डावा हात वापरला होता लिहायला, इतकी मी शूर. त्यात लिहिलं होतं, "या केंद्रात नोंदणी नसलेली बाई मुलांवर उपचार करते आणि एका मुलीला इजा झाली आहे."

ते आले. फ्रेम पाहिली, नंबर उतरवला, खिडक्या मोजल्या, फॉर्म दिला. मी वाट पाहत होते. मुलीचं त्या दिवशी कोणी विचारलं नाही. कदाचित पुढे विचारलं असतं. आणि मला तर साधा प्रश्न आला, त्या येतात कधी, आणि मी पहिल्याच फटक्यात खोटं बोलले. स्वतःच सापळा लावला आणि स्वतःच त्यातून निसटले.

तुझं पाकीट आलं त्या संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. तुला माहीत आहे, बाबा खाणीत मेट होते. स्फोटानंतर मेट आधी आत जातो, लांब सळईनं छत ठोकून आवाज ऐकतो. पक्क्या दगडाचा आवाज वेगळा, सुटलेल्याचा वेगळा. तो हो म्हणाला की मगच बाकीचे आत जातात. मेटची परीक्षा बाबा तिसऱ्या खेपेला पास झाले, तोवर अकरा वर्षं त्यांनी हे नुसतं ऐकलं होतं. मी विचारलं, परीक्षेआधी कधी ठोकलं का तुम्ही?

"एकदा मेट याले वेळ झाला," बाबा म्हणाले. "पोरं म्हने, सोमाजी, तुले समजते ना, तूच ठोकून सांग. मले समजत होतं. पन मी नाही गेलो. मी चुकलो असतो तं माह्या म्हनन्यावर आत गेलेल्या मानसाले मी काय सांगनार होतो? अर्धी पाळी सारे बाहेर बसून राहिले, मले शिव्या देत."

"आणि छत?"

"पक्कं होतं," बाबा म्हणाले, आणि खोकत उठून झोपायला गेले. मला बोलले असते तर बरं झालं असतं.

काल मी राधाबाईच्या घरी गेले. संजीव मागावर होता, त्याची बायको कांड्या भरत होती. रेणू दारातच बसली होती, कानात कापूस. मला पाहून ती उठली आणि आत जाऊन आजीच्या पदराआड उभी राहिली. मी संजीवला म्हटलं, माग थांबवा, मला तुमच्यासमोर आजींना काही सांगायचं आहे.

सगळं सांगितलं. आजीनं दुसऱ्याच दिवशी कान दुखत असेल म्हणून सांगितलं होतं, मीच तिला गप्प केलं. ती तेल घालायला निघाली होती, मी तिला पाठ फिरवून बसायला लावलं. आणि सोमवारी दोष तिच्या पदरात टाकला, तोही मीच. मला हे काम एकटीनं करायचा हक्क नव्हता.

संजीव मागाच्या खड्ड्यातून वर आला. मला वाटलं, हात उचलतो. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. आईकडे गेला आणि म्हणाला, "मले काहून नाही सांगतलं माय?"

राधाबाई म्हणाली, "तू इचारलं कुठी?"

मग माझ्याकडे वळली. "मंग भितीवरचा तो कागद कोनाचा होता बाई?"

"माझ्या बहिणीचा."

"ते कवा येत होती?"

"एकदाच आली होती. उद्घाटनाला."

ती रेणूच्या डोक्यावरून हात फिरवत होती. मग म्हणाली, "मले वाचता येत नाही वं. पन शिक्का दिसला, सायबाची सही दिसली. माह्या मनात रोज येत होतं का पोरीले उचलावं अन घरी न्यावं. त्या कागदाकडं पायलं अन चूप बसली."

चहा विचारला नाही कोणी. विचारायला नकोच होता. मी निघाले तेव्हा सून उठली आणि धाकटं बाळ राधाबाईच्या मांडीवर नेऊन ठेवलं. काल दिवसभरात चांगलं झालं ते एवढंच.

ताई, तुझे अठराही कागद या पाकिटात परत पाठवते आहे. खुलासा मी लिहिला आहे आणि तुझं नाव त्यातून वगळलेलं नाही. बहीण एकदा आली, नंबर तिच्या संमतीनं वापरला, पर्यवेक्षण कधीच झालं नाही, असं लिहिलं आहे. रेणूचं सगळं लिहिलं आहे, आलेख जोडला आहे. यानं तुझ्या शाळेतल्या नोकरीवर काय बेतेल, मी जाणते. तू मला पोटच्या पोरीसारखं शिकवलंस, हे काम मला तुझ्यामुळे कळलं, आणि त्याची परतफेड मी ही अशी करते आहे. तू रागावशील, मामी तर माझं तोंड बघणार नाहीत. रागाव. पण एकदा रेणूला बघायला ये. दुसराच शनिवार पाहिजे असं नाही.

केंद्र सोमवारपासून बंद आहे. गुलाबची आई म्हणाली, "बंद काहून करता बाई? आमचं तं चांगलं चाल्लं होतं. कागद नाही तं नाही, आमी कोनाले सांगतो?" तिचंही बरोबर आहे. नागपूरला न्यायचं तर मजुरीचा दिवस बुडतो, आणि रोज कोण नेणार? बाराही मुलांवर माझा जीव आहे, त्यातल्या अकरांचं माझ्यामुळे काही बिघडलं नाही, बरंच जमलं. हे खरं आहे. आणि तरी मी पुन्हा एकटीनं ते दार उघडणार नाही. डिप्लोमाला प्रवेश मिळतो का बघते. खुलासा वाचून ते मला आणखी काय सांगतील, त्यावर आहे.

फ्रेम कपड्यांत गुंडाळून वेगळ्या पार्सलनं पाठवली आहे. काच सांभाळ.

इतके दिवस मी प्रत्येक अहवालाखाली "रश्मी रामटेके यांच्याकरिता" असं लिहून सही करत आले. खुलाशाच्या फॉर्मवर तसं लिहायला जागाच नाही, तिथं खाली दोनच ओळी आहेत. त्या जशा भरल्या तशाच इथंही लिहिते.

नाव: रत्नमाला सोमाजी शहारे
नोंदणी क्रमांक: नाही